सशांची सोयरीक

सशाच्या तोंडाकडे पाहून त्याच्या स्वभावाची परीक्षा करणारा मनुष्य हमखास फसतो. ते लांब कान, तो सदा थरथरणारा नाकाचा शेंडा, ते पिंजलेल्या कापसासारखे अंग! भित्र्या मनुष्याला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो. आभाळ पडले म्हणून पळत सुटलेला ससा आपणा प्रत्येकाला बालपणी भेटून गेलेला असतो. जी वस्तू असणेच शक्य नाही तिला आपल्या शास्त्री-पंडितांनी 'शशशृंग' असे नाव देऊन ठेवले आहे. म्हणजे सशाजवळ एखादे हत्यार असेल ही कल्पनाच त्यांना असंभवाची परिसीमा वाटली. परंतु दोन अनोळखी ससे एका खोलीत सोडून ज्याने दार लावले असेल, त्याला विचारावे. शिंगांची उणीव दात आणि मागच्या पायांची नखे किती पुरेपूर भरून काढतात, हे तो सांगेल. एका ससाने दुसऱ्याचा कान फाडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवीन नाहीत.

"अहो, ससे तर कळपानंच राहतात. एकाला सोबत म्हणून दुसरा आणून सोडला, की झालं!" असे सांगणारे गृहस्थ मला या वर्षात निदान डझनभर भेटले. त्यांचा दोष नाही. या समजुतीच्या मुळाशी भाषेचा एक घोटाळा आहे. 'ससा' या एकाच शब्दाच्या पोटात आपण दोन निराळे प्राणी कोंबले आहेत. हिंदीचीही तीच गत. येथे जबलपुरात रानातला काय आणि पिंजऱ्यातला काय, दोघेही 'खरगोश'. मूळ फारसी शब्द, अर्थ गाढवाच्या कानाचा! आपला शब्द त्या मानाने सभ्य. संस्कृतात 'शश्' या धातूचा अर्थ उड्या मारीत जाणे असा आहे, त्यावरून शश आणि त्यावरून ससा.

आपला हा रानातला ससा तपकिरी, मानेवर काळा डाग असलेला. तो बीळ खणीत नाही, गवतात अंगापुरती जागा दाबून एकटाच बसतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा तो हाच, आणि चंद्रावर जाऊन बसलेलाही हाच. याला पकडून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. घरोघर पाळला जातो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा आणि दक्षिण फ्रान्समधला. तो जमिनीत बिळे खणून वसाहत करतो. त्याची पिले उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात. या दोहोंचा संकर होत नाही, इतके त्यांचे रक्त निराळे. आपण मात्र भित्रेपणा एकाचा घेतला, वसाहत दुसऱ्याची घेतली, आणि दोन्ही मिसळून जो प्राणी मनात तयार केला तो शशशृंगाइतकाच काल्पनिक आहे.

वसाहत करून राहतो म्हणून हा प्राणी कोणाशीही मिळून-मिसळून राहील, असे मानणे म्हणजे वाड्यात राहणारी माणसे वाटसरूला माजघरात घेतील असे मानण्यासारखे आहे. याचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला तो ऑस्ट्रेलियात, आणि त्यालाही कारण घडले. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतातील एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणवलेले चोवीस ससे आपल्या शेतावर सोडले. पन्नासेक वर्षांत त्यांच्या संततीने त्या खंडाचा बहुतेक भाग व्यापला आणि शेतकऱ्यांना त्राहि भगवन् करून सोडले. शत्रू इतका मोठा झाल्यावर त्याची दिनचर्या जाणून घेणे भागच होते. कॅनबेरा येथील सरकारी संशोधन संस्थेत रोमन मिकितोविच नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात कुंपणाच्या आत सशांच्या वसाहती ठेवून वर्षानुवर्षे त्यांचे निरीक्षण केले. त्यांत असे दिसून आले की, प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. टोळीत नरांची एक उतरंड असते आणि माद्यांची दुसरी. सशाच्या हनुवटीखाली ग्रंथी असतात. बिळाचे तोंड, काटकी, दगड, जे जे आपले त्याला तो हनुवटी घासतो आणि त्यावर आपला वास ठेवतो. जो नर वरच्या पायरीचा, त्याच्या ग्रंथी मोठ्या आणि घासणेही अधिक. हद्दीत परका वास आला, की मग मात्र त्या कापसाच्या बोळ्याचे दुसरेच रूप पाहायला मिळते.

हे सारे मी पुस्तकात वाचले ते नंतर. त्यापूर्वी दोन वर्षे आमचा कापूस नावाचा पांढरा, तांबड्या डोळ्यांचा ससा ते माझ्या डोळ्यांदेखत करीत होता. मेजाचे पाय, पुस्तकांचे कपाट, माझी चप्पल, आमच्या पूर्वी कोणी तरी भिंतीत ठोकलेली लाकडी खुंटी, सर्वांवर त्याची हनुवटी फिरली होती. सरकारी क्वार्टर मिळाला की पहिल्या दिवशी आपणही दारावर नावाची पाटी ठोकतोच. फरक इतकाच की आपल्याला ती सोडताना काढून न्यावी लागते, हे ठाऊक असते.

आणि पाटी काढण्यावरूनच आमच्या घरी हे प्रकरण सुरू झाले. आमच्या वरच्या मजल्यावर एक तामीळ कुटुंब राहत होते. २०२१ साली आयुधनिर्माणी मंडळ जाऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांत येथील वाहन निर्माणी ज्या कंपनीत गेली तिचे मुख्यालय चेन्नईजवळ आवडी येथे आहे. शेजाऱ्यांची बदली आवडीला झाली. मराठी मनुष्याला हे गावाचे नाव ऐकून गंमत वाटते, पण बारा वर्षे जबलपुरात काढलेल्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर आवड काही दिसली नाही. आमची मुलगी त्यांना मामी म्हणते. तो शब्द तामीळातही तोच असल्यामुळे दोन्ही घरांना सोयीचा होता. त्यांच्याकडे एक करड्या रंगाची मादी होती. तिचे नाव मुयल. तामीळात मुयल म्हणजे ससाच, तेव्हा सशाचे नाव ससा! मे महिन्याच्या उन्हात नागपूर, बल्लारशा, विजयवाडा असा प्रवास सशाला सोसणारा नव्हता. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो आणि हवाच तापलेली असेल तर तेही साधत नाही. जबलपुरात त्या दिवसांत पारा बेचाळिसावर होता. मामी पिंजरा घेऊन खाली आल्या, आणि "इसको अकेला मत रखना" एवढे एकच वाक्य बोलून जिन्यावरून परत गेल्या.

"अहो, पण दोघांचं जमलं नाही तर?" पत्नीने विचारले.

जबलपुरात पशुवैद्यांची वाण नाही. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचे, आणि २००९ साली निघालेल्या पशुवैद्यक विद्यापीठाला तर नाव आहे ते आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे. आम्ही ज्या तरुण डॉक्टरकडे गेलो त्याने पहिला प्रश्न केला तो खच्चीकरणाचा. कापसाचे ते हिवाळ्यातच झाले होते. सशाच्या मादीचा गर्भकाळ सुमारे एकतीस दिवसांचा, आणि व्यालेल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा ऑस्ट्रेलियाची आवृत्ती दोन खोल्यांत काढायची नसेल, तर हे आधी उरकावे लागते. शिवाय त्यामुळे भांडखोरपणाही निवळतो. मुयलचे ऑपरेशन मात्र या उन्हात नको, थंडी पडल्यावर पाहू, असे तो म्हणाला. वय वाढलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो, म्हणून ते टाळायचेही नाही. बाकी त्याने सांगितलेला क्रम सोपा होता. पिंजरे शेजारी ठेवा, मध्ये वीतभर अंतर सोडा. जाळीला जाळी भिडवाल तर नाके चावून घेतील. रोज एकाच्या पिंजऱ्यातले गवत दुसऱ्याच्या पिंजऱ्यात टाका. मग दोघांनाही परकी अशी जागा शोधून तेथे भेट घडवा, आणि घाई करू नका.

घाई कोण करीत होते? मुयलने अन्नच सोडले. सशाच्या बाबतीत उपवास ही चेष्टेची गोष्ट नव्हे. त्याचे आतडे सतत हलते राहावे लागते. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही तर ते मंदावते, पोटात वायू धरतो आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. पहिल्या रात्री दर तीन तासांनी उठून आम्ही बिनसुईच्या पिचकारीने तिच्या गालात पातळ लगदा सोडत होतो. ती तो गिळत होती, पण पापणी लवू न देता दाराकडे पाहत होती. वरच्या मजल्यावर सामान बांधण्याचे आवाज चालले होते. खोके ओढल्याचा आवाज आला की तिचे कान ताठ होत. आमची नऊ वर्षांची मुलगी पिंजऱ्याजवळ सतरंजीवर निजली होती, तिने मला दोनदा विचारले, "बाबा, सकाळपर्यंत राहील ना?" मी दोनदा "हो" म्हटले.

दुसऱ्या रात्री कापसाला मी हरळी घातली. हरळी म्हणजे दूर्वाच. गणपतीला एकवीस लागतात, सशाला एकवीसशे पुरत नाहीत. तो करकर आवाज करीत खाऊ लागला. जाळीपलीकडे मुयलचे नाक जरा वेगाने हलू लागले. ती उठली, दोन पावले पुढे आली, आपल्या पुढ्यात सकाळपासून पडून असलेली एक काडी तिने उचलली आणि तोंडात फिरवली. मग दुसरी. कापूस थांबला की तीही थांबे. तो खाऊ लागला की तीही खाई. दोघांमध्ये स्नेह वगैरे काही नव्हता. त्याच दिवशी दुपारी कापसाने मागचा पाय आपटून तिला चांगलाच दम भरला होता. परंतु रानात जेथे दुसरा निर्धास्त चरत आहे तेथे घार नाही आणि मांजर नाही, एवढी खात्री पटते. मित्र नसलेल्याच्या संगतीतही चार घास जातात. खानावळीत जेवून दिवस काढलेल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको.

आता परकी जागा हवी. दोन खोल्यांच्या घरात कापसाची हनुवटी जेथे पोहोचली नाही अशी जागा उरली नव्हती. वरचा क्वार्टर रिकामा झाला होता, पण तो मुयलचा. गच्ची तापलेली. मोरी फार अरुंद. पळायला वाव नसेल तर सशाला लढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. विचार करता करता मला वसाहतीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या सामानाची खोली आठवली. दहा फूट बाय बारा फूट, वर्षातून अकरा महिने कुलूपबंद. मंडळाच्या चिटणीसांकडे गेलो. ते निवृत्तीला आलेले, तोंडी काही न ऐकणारे गृहस्थ. त्यांनी रीतसर अर्ज मागितला. मी तो दिला. विषय: दोन सशांची ओळख करून देण्यासाठी मंडळाची खोली रोज अर्धा तास मिळणेबाबत. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "ढोलाचं कातडं कुरतडलं तर?" ढोल वरच्या फळीवर चढले. मग त्यांनी कोपऱ्यात 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा शेरा मारून सही केली. लेखनिकाच्या नोकरीत माझ्या हातून शेकडो अर्ज गेले. इतक्या स्वच्छ मनाने लिहिलेला दुसरा आठवत नाही.

उन्हे चढण्यापूर्वी, पहाटे साडेपाचला, सिरक्याच्या पाण्याने पुसलेल्या त्या फरशीवर पहिली भेट झाली. मी हातात जाड पोत्याचा तुकडा घेऊन उभा होतो. झुंज लागली तर मध्ये हात घालायचा नाही, पोते टाकायचे, असे डॉक्टरने बजावले होते. प्रथम दोघांनी एकमेकांकडे पाहिलेच नाही. कापूस भिंत हुंगत गेला, मुयल मखराच्या चौकटीमागे बसली. मग तो मागून आला. ती गर्रकन वळली, आणि एकमेकांच्या शेपटीमागे दोघांची फिरकी सुरू झाली. वरून पाहताना हा खेळ वाटतो, पण दाताची पकड घेण्यापूर्वीची ती प्रदक्षिणा असते. पोते पडले तेव्हा फरशीवर करड्या केसांचे दोन पुंजके उडाले होते. एकूण भेट, चार मिनिटे.

पुढचे दिवस मी सविस्तर सांगत नाही. पाठलाग, अंगावर चढणे, पुन्हा पाठलाग. हे चढणे नर-मादीचे नसते, मान कोणाचा याचा तो वाद असतो; मुयलही कापसावर चढे. नवतपा सुरू झाला, पारा चव्वेचाळिसावर गेला, त्या नऊ दिवसांत मी भेटी बंद ठेवल्या. दोन्ही पिंजरे कूलरसमोर, खाली ओली कौले, बाजूला फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. जाळीतून पाहणे, वास देणे-घेणे तेवढे चालू राहिले.

त्यानंतरच्या भेटींत एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. दोघे नाकाला नाक लावून बसत आणि दोघेही माना खाली घालून फरशीला टेकवीत. पाचपाच, दहादहा मिनिटे! माझी पत्नी म्हणाली, "बघा, किती नम्र झालेत!" खरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे मान खाली घालणारा लहान. सशांत मान खाली घालणे म्हणजे 'माझे कपाळ चाट' अशी आज्ञा, आणि ती बहुधा वरच्या पायरीचा करतो. तेव्हा तेथे दोन नम्र जीव बसले नव्हते. आधी नमस्कार समोरच्याने करावा म्हणून खोळंबलेले दोन खातेप्रमुख बसले होते. मी मखराला टेकून त्यांच्याकडे पाहत बसे. कचेरीला उशीर होई.

भेटींचा एकोणिसावा दिवस होता. मान टेकून बसलेल्या कापसाने अकस्मात डोके वर केले, थोडे इकडेतिकडे पाहिले, आणि मुयलच्या कपाळावर एकदा जीभ फिरवली. मग डोळ्याभोवती. मग कानाच्या मुळाशी. दोन वर्षे साऱ्या घरावर पाटी ठोकून बसलेला तो नर हरला होता, आणि त्याला त्याचे काही वाटलेले दिसत नव्हते. मुयलने डोळे मिटले. मुलीने टाळ्या वाजवण्यासाठी हात उचलले होते, ते तिने तसेच धरून ठेवले.

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही त्यांना घरी एकत्र आणले. त्यापूर्वी फरशी सिरक्याने पुसली, मेज आणि कपाट यांच्या जागा बदलल्या, जेणेकरून कापसालाही आपले घर परके वाटावे. माझी चप्पल मात्र त्याने पहिल्या तासातच पुन्हा आपल्या नावे करून घेतली.

मामींचा दर रविवारी संध्याकाळी मोबाइलवर फोन येतो, चित्रासकट. त्या रविवारी दोघे कपाटाखाली अंगाला अंग लावून पसरले होते. मुलीने मोबाइल त्यांच्याजवळ नेला. मामींनी हाक मारली, "मुयल! मुयल कुट्टी!" या हाकेसरशी पूर्वी ती जिन्यापर्यंत धावत येई, हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकले होते. आता तिचा एक कान जरा वळला आणि पुन्हा सपाट झाला. मामींनी आणखी एकदा हाक मारली. मुलीने माझ्याकडे पाहिले, मग मोबाइल हळूच स्वतःच्या तोंडासमोर आणला आणि म्हणाली, "मामी, वो सो रही है।" पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. "सोने दो," मामी म्हणाल्या, आणि आवडीला पाऊस नाही, पाण्याला मचूळ चव आहे, असे काही तरी सांगू लागल्या.

डिसेंबरात मुयलचे राहिलेले ऑपरेशन झाले. जुळलेल्या सशांपैकी एकालाच दवाखान्यात नेले तर परत येताना तो औषधांचा परका वास घेऊन येतो, आणि घरी राहिलेला त्याला ओळखत नाही; पुन्हा मखराच्या खोलीपासून प्रारंभ. म्हणून आम्ही दोघांना एकाच टोपलीतून नेले. खिडकीवरच्या कारकुनाने दोन जनावरे पाहून दोन कागद पुढे ओढले. पहिल्यावर मुयलचे लिहून झाले. दुसऱ्यावर त्याची लेखणी थांबली.

"इसको क्या तकलीफ़ है?"

"कुछ नहीं। ये साथ में आया है।"

त्याने टोपलीत वाकून पाहिले. मग तक्रारीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'निरंक' असे लिहिले आणि कागद माझ्या हाती दिला.